पत्ता मोकळा करा

२ जून, सोमवार

एकदाच्या पोचलो. आई, मी, खोक्यांचा डोंगर आणि आईची पत्र्याची पेटी. ती पेटी तिने मागे सामानात ठेवू दिली नाही, रस्ताभर स्वतःच्या पायाशी धरून बसली. टेम्पोवाल्याने गमतीत विचारलं, मावशी, सोनंनाणं आहे की काय. आई म्हणाली, कपडे आहेत. माझ्या धाकट्या बहिणीचे, टिवलीचे कपडे, टिवलीचा चष्मा, टिवलीचा फोन. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

पण आज रडगाणं नको. घर छान आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे कपडे वाळत घालायला तार. शुश्रूषागृहाच्या आवारातच आहे, त्यामुळे पायात चपला सरकवल्या की कामावर. नळ गळत नाही, दारं घासत नाहीत. आईने एकेका कपाटात नाक खुपसून पाहिलं आणि शेवटी, बरं आहे, असं म्हणाली. तिच्या तोंडून हे म्हणजे बोर्डात नंबर आल्यासारखं. गेल्या वर्षी टिवली गेली, तेव्हापासून तिने कशालाच बरं म्हटलं नव्हतं.

कामाचं असं आहे. हृदयाचं ऑपरेशन झालेली माणसं इथे येऊन राहतात, थोडी बरी होतात, घरी जातात. प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टा असतो. तो नाडी मोजतो आणि नेटवर्कवरून सिस्टरांच्या टेबलावरच्या पडद्याकडे पाठवतो. अडचण एवढीच, की पट्टे मध्येच नेटवर्कवरून गळतात. व्यवस्थापक म्हणाले, दोन-तीन जण येऊन डोकं खाजवून गेले. मी म्हटलं, पंधरा दिवस द्या. या एका बाबतीत मला नम्रपणा जमत नाही. तारांशी माझं चांगलं पटतं. माणसांशीच पटत नाही, असं आईचं म्हणणं.

४ जून, बुधवार

दुखणं सापडलं. टिवली असती तर तिला पकडून सगळं ऐकवलं असतं आणि तिने नेहमीसारखं मुद्दाम घोरायला सुरुवात केली असती. तेव्हा टिवले, घोर खुशाल, मी सांगणारच.

नेटवर्कवर यायचं तर प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो. हाताने वाटत बसलं तर जन्म जाईल, म्हणून एक सर्व्हर तो आपोआप वाटतो. पट्टा चालू झाला की नेटवर्कभर हाक मारतो, कोणी आहे का, मला पत्ता द्या. ओ देणारा कोण आणि कुठे, हे त्याला काही माहीत नसतं. सर्व्हर म्हणतो, हा घे. पट्टा म्हणतो, घेतला. सर्व्हर म्हणतो, आता तुझा, पण मुदतीपुरता. अर्धी मुदत उलटली की पट्टा पुन्हा येतो आणि सांगतो, मी अजून आहे, वाढवून द्या. आला नाही तर मुदत संपते आणि पत्ता दुसऱ्याला मिळतो. आणि हाकेला कोणीच ओ दिली नाही, तर बिचारा स्वतःच स्वतःला एक पत्ता लावून घेतो, १६९ ने सुरू होणारा. त्या पत्त्यावरून कुठेच जाता येत नाही. माझ्या जुन्या ऑफिसात आम्ही त्याला अनाथ पत्ता म्हणायचो.

इथे मुदत ठेवली होती चक्क एक वर्षाची. माणूस कधीच घरी गेलेला असतो, पत्ता मात्र त्याच्या नावावर अडकून. नव्या पेशंटला जागा मिळणार कुठून? मी मुदत एका दिवसावर आणली आणि चहा प्यायला गेले.

७ जून, शनिवार

आज इथली एक रीत कळली. दुपारी टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे मोठ्या सिस्टर, म्हणजे इथल्या सगळ्या सिस्टरांच्या वरच्या. म्हणाल्या, नऊ नंबर रिकामा झाला, पत्ता मोकळा करा. मला वाटलं नऊ नंबरच्या आजी घरी गेल्या. तसं नव्हतं. आजी वारल्या होत्या.

मी म्हटलं, करते थोड्या वेळाने. तर त्या फोन ठेवेनात. म्हणाल्या, आत्ता करा, मी थांबते. चादर बदलण्याआधी, नातेवाइकांना कळवण्याहीआधी हा फोन करायचा, अशी इथली पद्धत. जे बरे होऊन घरी जातात त्यांच्यासाठी कोणी फोन करत नाही. माझ्याआधी नेटवर्क सांभाळणारे काका होते, त्यांनी हे सुरू केलं. काका निवृत्त झाले आणि त्यानंतरच पट्टे गळायला लागले, असं सिस्टर म्हणाल्या.

मला हसू आलं, खोटं कशाला लिहू. संध्याकाळी वॉर्डात जाऊन त्यांना समजावलं, की आता मुदत एका दिवसाची आहे. पेशंट गेला की पट्ट्याची बॅटरी काढून तो कपाटात ठेवा, दुसऱ्या दिवशी पत्ता आपला आपण मोकळा होईल. फोनची गरजच नाही. त्यांनी ऐकून घेतलं. बघा बाई, एवढंच म्हणाल्या. नऊ नंबरचा पत्ता मी मुद्दामच हाताने काढला नाही.

११ जून, बुधवार

सगळं कसं सुतासारखं सरळ. पडद्यावर सगळ्यांची नाडी, एकही पट्टा गळत नाही. व्यवस्थापकांनी दोनदा पाठ थोपटली.

चार नंबरला एक निवृत्त बस कंडक्टर आहेत, सगळे त्यांना कंडक्टरकाका म्हणतात. मी समोरून गेले की तिकीट विचारतात. मी म्हणते, पास आहे. ते म्हणतात, पासवर फोटो वेगळा दिसतोय. त्यांची बायको रोज थर्मासमधून चहा आणते आणि त्यांच्या आधी मला देते. पुढच्या आठवड्यात काका घरी जाणार. काकू आत्तापासून पिशव्या भरायला लागल्या आहेत.

आईला जिना चढताना धाप लागते हे मोठ्या सिस्टरांनी पाहिलं आणि न विचारता तिच्याही मनगटावर पट्टा बांधला. डॉक्टर म्हणाले, हृदय थोडं थकलं आहे, काळजीचं नाही. आईच्या पट्ट्याला एकवीस नंबरचा पत्ता मिळाला. माझ्या लॅपटॉपला बावीस. शेजारीशेजारी. असं कधी झालेलं आठवत नाही. लहानपणी भिंतीकडे आई, मध्ये टिवली, कडेला मी. आईचा हात टिवलीवरच संपायचा. मी मोठी होते, मला कशाला हात हवा, असं सगळ्यांना वाटायचं, आणि मीही तसंच वागायचे.

१६ जून, सोमवार

पट्टे पुन्हा गळायला लागले. आज बघते तर एकही पत्ता शिल्लक नाही.

कोणी पत्ते अडवले ते शोधलं. पहिलंच नाव नऊ नंबरचं. मुदत संपायला हवी होती, पण दर बारा तासांनी, अर्धी मुदत उलटली की, नऊ नंबरचा पट्टा येऊन वाढवून घेतो. मी कपाट उघडलं. पट्टा आत होता, बॅटरी वेगळी काढून शेजारी ठेवलेली. हातात घेतला तर थंडगार. त्याच वेळी पडद्यावर त्याची विनंती आली, मी अजून आहे, वाढवून द्या.

आता यात घाबरण्यासारखं काही नाही. कोणीतरी दुसरंच यंत्र त्या पट्ट्याचा नंबर लावून बसलं असेल. असं होतं. मी एकेक तार काढून पाहिली, विनंती कुठल्या खोलीतून येते ते शोधलं. नऊ नंबरच्या खोलीतून येते. तिथे गादी गुंडाळून ठेवली आहे आणि दुसरं काही नाही. नऊ नंबरखाली आणखी आठ-दहा नावं आहेत, नेटवर्कवाले काका निवृत्त झाल्यानंतरची. सिस्टरांना ती सगळी ओळखता आली.

आईला काही बोलले नाही.

१७ जून, मंगळवार

साधा उपाय केला. जागा पुरत नाही ना, मग जागा वाढवा. पत्त्यांची संख्या दुप्पट केली. दुपारपर्यंत सगळं ठीक होतं.

संध्याकाळी बघितलं तर तेही सगळे भरलेले. नवी नावं कोणालाच ओळखू येत नाहीत. मोठ्या सिस्टर जुन्या आहेत, त्यांनी दोन ओळखली. त्या म्हणाल्या, तेव्हा तर पट्टेसुद्धा नव्हते.

१९ जून, गुरुवार

कंडक्टरकाका गेले.

सकाळी त्यांच्या पट्ट्याचा पत्ता आणि त्याच पलंगावर पूर्वी असलेल्या बाईंचा पत्ता एकच झाला. एका पत्त्यावर दोन यंत्रं राहू शकत नाहीत, एकाला बाहेर पडावं लागतं. काकांचा पट्टा बाहेर पडला आणि अनाथ पत्ता लावून बसला. मला वाटलं पट्टाच तेवढा गळला आहे. वॉर्डात गेले तर काका पलंगाच्या अगदी कडेला अंग चोरून बसले होते. मी चेष्टेने तिकीट विचारलं. ते हसले नाहीत. म्हणाले, माझ्या सीटवर कोणीतरी बसलंय, बाई, उठवा ना तिला. हात बर्फासारखा लागत होता. मी धावत खाली आले, तो पत्ता सोडवायच्या आधीच फोन वाजला.

काकू थर्मास घेऊन आल्या तेव्हा मी दारातच होते. त्यांनी सवयीने पहिला कप माझ्यापुढे धरला. 

माझ्याआधीच्या नेटवर्कवाल्या काकांना फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले, तुम्ही उत्तर दिलंत का त्यांना? मी म्हटलं, मी नाही, सर्व्हर देतो. ते म्हणाले, तेच ते. गेलेला माणूस सवयीने हाक मारतो. ओ मिळाली नाही तर थोड्या वेळाने थांबतो. ओ मिळाली की राहतो. आणि जागा वाढवू नका, जेवढी वाढवाल तेवढे येतील. जागा जिवंत माणसांपुरतीच असते. मी विचारलं, आधी का नाही सांगितलंत. म्हणाले, तुम्ही ऐकलं असतंत?

२० जून, शुक्रवार

दिवसभर पत्ते मोकळे केले. एकेक नाव, एकेक कळ. नऊ नंबरच्या आजींपाशी हात थांबला. त्या मला मोजे विणून देणार होत्या. मग त्याही काढल्या. कंडक्टरकाकाही काढले.

सर्व्हरला आता सांगून ठेवलं आहे, जी यंत्रं मी स्वतः नोंदवली आहेत त्यांनाच ओ द्यायची. बाकी कितीही हाका आल्या तरी गप्प राहायचं. हाका आल्या, पडद्यावर दिसत होत्या. थोड्या वेळाने एकेक करत थांबल्या. वॉर्डात सगळ्यांची नाडी नीट आहे. मोठ्या सिस्टरांनी माझ्या टेबलावर चहाचा कप ठेवला आणि वॉर्डात परत गेल्या.

२३ जून, सोमवार

आज एक नवीन हाक आली. पट्ट्याची नाही, फोनची. यंत्र हाक मारताना आपलं नावही सांगतं. नाव होतं ‘टिवलीबाई’.

हे नाव मीच घातलं होतं. फोन घेतला त्या दिवशी ती म्हणाली, ताई, चालू करून दे ना, आणि नाव विचारलं तिथे मी तिला चिडवायला हे लिहिलं. तिला ते बदलता येत नव्हतं, की बदलायचं नव्हतं, देव जाणे.

घरी जाऊन आईची पेटी उघडली. फोन चष्म्याखाली होता. बॅटरी फुगली म्हणून मागेच काढून टाकलेली आहे. आईने विचारलं, काय शोधतेस. मी म्हटलं, काही नाही, कपड्यांना वास लागलाय का बघते.

खाली येऊन पडद्यासमोर बसले. हाक येते, मग थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा हाक, मग त्याच्या दुप्पट वेळ काही नाही. यंत्रांचा हा नियमच आहे, ओ मिळाली नाही तर दर वेळी जास्त थांबायचं. टिवली मोरीत टॉवेल विसरायची तेव्हा अशीच हाका मारायची. ताई. थांबायची. ताई. आणखी थांबायची. मी मुद्दाम ओ द्यायचे नाही आणि शेवटी टॉवेल तिच्या डोक्यावर फेकायचे.

तिच्या आजारात हॉस्पिटलने आम्हाला आत सोडलं नव्हतं. काचेतून बघायचं. शेवटच्या दिवशी काचेपाशीही येऊ दिलं नाही. तिथल्या आयाबाई नंतर भेटल्या. म्हणाल्या, पोरगी हाका मारत होती. हळू, थांबून थांबून. कोणाला मारत होती विचारलं, तर म्हणाल्या, ताई की आई, नीट कळलं नाही.

मी ओ दिली नाही आज. नियम म्हणजे नियम. पण मला तिथून उठवलंही नाही.

२४ जून, मंगळवार

हाका थांबत नाहीत. बाकीच्यांच्या थांबल्या, हिच्या नाहीत.

दुपारी मी एक पत्ता पुढे केला. लांबचा, चाळीस नंबरचा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तिने घेतला नाही. यंत्राला हवा तो पत्ता मागता येतो. तिने एकवीस मागितला. आईचा.

मी रडता रडता हसले. मेली तरी सवय गेली नाही, आईच्या कुशीतच घुसायचं. सर्व्हरने नाही म्हटलं. तिने पुन्हा एकवीसच मागितला.

आईचा पट्टा रोज दुपारी तासभर चार्जिंगला लावलेला असतो. तेवढा वेळ एकवीसवर कोणी नसतं. मी म्हटलं, एक तास. फक्त एक तास देते, मग काढून घेते.

दिला. मग मी विचारलं. म्हणजे पिंग केलं, एका यंत्राने दुसऱ्याला विचारायचं असतं, आहेस का. उत्तर आलं, आहे. पुन्हा विचारलं. आहे. मी तासभर तेवढंच करत बसले. आहेस का. आहे. आहेस का. आहे. गेल्या वर्षानंतर आज पहिल्यांदा मला भूक लागली.

तास संपल्यावर काढायचा होता. म्हटलं, हे एक उत्तर येऊ दे, मग काढते. तेवढ्यात आईने पट्टा परत घातला.

२५ जून, बुधवार

एकवीस नंबरवर दोघी आहेत. पडद्यावर आईची नाडी मध्येच नाहीशी होते, मध्येच दोन दिसतात. दुसरी फार जलद आहे, ताप असल्यासारखी.

आईला उठवत नाही. हातपाय गार. पण चेहरा फुललेला. म्हणाली, टिवली आली होती. मध्ये येऊन झोपली आणि मला म्हणाली, सरकून घे. मी भिंतीपर्यंत सरकले तरी म्हणते, अजून सरक.

कंडक्टरकाकाही कडेला सरकून बसले होते.

२६ जून, गुरुवार

काय करायचं ते मला माहीत आहे. एक नाव निवडायचं आणि एक कळ दाबायची. याच हाताने मी इतक्यांची काढली. हात उचलवत नाही.

मोठ्या सिस्टर आल्या. माझं तोंड बघूनच त्यांना कळलं. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, इथून पहिला फोन मीच केला होता. दोन नंबरला माझे मालक होते. त्यांच्यामुळे तीन नंबरचा माणूस जायला लागला, तेव्हा नेटवर्कवाल्या काकांना म्हटलं, मोकळा करा, मी थांबते. फोनवर थांबावं लागतं, बाई, नाहीतर समोरच्याच्याने होत नाही. मग त्यांनी विचारलं, आज करताय ना?

मी हो म्हटलं.

२७ जून, शुक्रवार

केलं. टिवलीला काढलं.

मग विचारलं, आहेस का. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाही. एकदा ती गेली तेव्हा मी तिथे नव्हते. या वेळी मी होते आणि मीच —

आईची नाडी लगेच सुधारली. हात ऊबदार झाले.

मग हाका सुरू झाल्या. मी कानावर हात ठेवून बसले. हाक पडद्यावर दिसते, ऐकू येत नाही, तरी कानावर हात.

संध्याकाळी दार उघडलं. आई. जिना उतरून, आवार ओलांडून, एकटी आली होती. म्हणाली, ती किती वेळ हाका मारतेय, तू ओ का देत नाहीस? मी म्हटलं, आई, तुझी जागा मागते आहे ती. आई म्हणाली, मग दे की. तिने पट्टा काढून माझ्या टेबलावर ठेवला. माझं झालं आता सगळं, म्हणाली.

आणि माझं? असं मी विचारलं. आई, माझं काय? तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, तू मोठी आहेस.

पट्टा मी परत तिच्या मनगटावर बांधला. तिने बांधू दिला.

२८ जून, शनिवार

मी वॉर्डात होते. आईने पट्टा काढला. पेटीत ठेवला, टिवलीच्या फोनशेजारी. आणि भिंतीकडे सरकून झोपली. मध्ये जागा ठेवून.

मोठ्या सिस्टरांचा फोन. आवाज सरळ ठेवायचा प्रयत्न केला त्यांनी. तुमची खोली रिकामी झाली. मग म्हणाल्या, पत्ता मोकळा करा, मी थांबते.

एकवीसवर आता टिवली आहे. मी दिला नव्हता. आईने दिला.

२९ जून, रविवार

सगळं उरकून आले. सिस्टर बरोबर होत्या. काकूसुद्धा आल्या, थर्मास घेऊन. मी प्यायले नाही.

विचारलं, आहेस का. टिवली म्हणते, आहे.

आईचं नाव काढायचं बाकी आहे. सिस्टरांना सांगितलं, काढलं. खोटं सांगितलं.

३० जून, सोमवार

आईचा पट्टा पेटीत आहे. बॅटरी माझ्या मुठीत आहे. तरी —

हाक आली. आईची.

बाहेरचा कोणी असता तर सर्व्हर गप्प बसला असता. पण आईचं नाव मी स्वतःच नोंदवलं होतं. सर्व्हर मला विचारतो आहे, देऊ का.

मला वाटलं एकवीस मागेल. टिवलीजवळ जाईल. तिथेच जात आली जन्मभर.

बावीस मागते आहे.

१ जुलै

बावीस माझा, माझ्या लॅपटॉपचा.

सर्व्हरने नाही म्हटलं. पुन्हा मागितला. दुसरे पुढे केले, चाळीस, पन्नास, सगळे. नको. बावीसच.

इतकी वर्षं मी कडेला झोपले. तिचा हात टिवलीवर संपायचा. मी मोठी. आणि आता ती टिवलीच्या पलीकडे हात लांबवून —

हात गार पडलेत. अक्षर नीट येत नाही. काल पलंगावर मी कडेला होते, एकटी असून. सरकून घे, असं कोणी म्हटलं नाही. मीच सरकले.

२ जुलै

सिस्टरांचा फोन. सगळं कळलंय त्यांना. बाई, मोकळा करा, मी थांबते. रिसीव्हर टेबलावर काढून ठेवलाय. त्यांचा आवाज येतो आहे त्यातून. मोकळा करा. मी थांबते. मोकळा करा. त्या रडतायत बहुतेक.

बोट आईचं नाव काढायच्या कळेवर आहे. एकदा दाबली की आई हाका मारेल, ओ मिळणार नाही, मग थांबेल. मी जगेन. हेच बरोबर आहे. मला माहीत आहे बरोबर काय ते —

हाक आली.

दोन हाकांमधली वेळ वाढत चालली आहे. मागची केव्हा आली होती — आता यानंतरची फार उशिरा — कदाचित येणारच नाही

टिवलीला कोणी ओ दिली नव्हती. काचेपलीकडे. थांबून थांबून

सिस्टर, ठेवा फोन

तिने माझी जागा मागितली. पहिल्यांदा. माझी. टिवलीची नाही, माझ्याजवळची —

हाक. आई, थांब गं, थांबू नकोस, देते आहे ओ, एवढंच लिहून —